ठासणीच्या बंदुकीसोबत आणखी काय शिकू?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी मूळचा कुडाळ तालुक्यातला, गेली चौदा वर्षं सिनसिनाटीत राहतो. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक होती, वानर आणि डुकरं हाकलायला. ती खुंटीवर टांगलेली असायची, मला हात लावायची परवानगी कधी मिळाली नाही. गेल्या वर्षी इथल्या एका सहकाऱ्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलो, त्याच्या चकमकीच्या लांब रायफलीने दोन बार काढले आणि सहा महिन्यांत स्वतःची घेतली, पन्नास कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची. आता महिन्यातून दोनदा जातो. पण दोन तास बार काढले, घरी येऊन नळी धुतली, की संपलं. मधले दिवस हात शिवशिवत राहतात. या बंदुकीच्या जोडीने कोणते जुने छंद, कोणती हातची कामं शिकावीत? मी यादी केली आहे: शिसं ओतून गोळ्या पाडणं, बंदुकीची दारू ठेवायचं शिंग बनवणं, चामड्याची पिशवी, लोहारकाम, कुऱ्हाडफेक, हरणाचं कातडं कमावणं आणि घरीच बंदुकीची दारू बनवणं. सुरुवात कुठून करू? बायको शिवणकाम उत्तम करते, पण ती म्हणते, घरात बंदूक आली तेवढी पुरे, आता पसारा नको. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र फार कुतूहल आहे. – स., सिनसिनाटी"

प्रिय स.,

तुमच्या यादीत सात गोष्टी आहेत, आणि जी सर्वांत आधी यायला हवी ती नेमकी राहून गेली आहे. चकमकीने विस्तव पाडायला शिका. बाकीचं त्यानंतर.

तुमच्या बंदुकीचा चाप म्हणजे स्प्रिंग लावलेली चकमकच आहे. घोड्याच्या जबड्यात गारगोटी, समोर कडक पोलादाचं उभं पान, ज्याला तिकडे फ्रिझन म्हणतात, खाली रंजकेची, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची वाटी, आणि वाटीतून नळीत जाणारं बारीक भोक. आपल्याकडे त्या भोकाला कान म्हणत. तोफा निकामी करायला त्यांच्या कानात खिळे ठोकल्याचं आपण शाळेपासून वाचत आलो, तोच हा कान. घोडा सुटला की गारगोटी पान खरवडत खाली येते, ठिणग्या वाटीत पडतात, रंजक भडकते, तिची ज्वाळा कानातून आत शिरते आणि बार होतो. नवख्याचा बार फसतो तो बहुतेक याच साखळीत कुठेतरी.

मला हे कळायला दोन हंगाम लागले. बार फसला की मी रंजक वाढवायचो. वाटी काठोकाठ भरायचो, कान पुरता बुजवायचो, आणि मग फुस्स होऊन बार आणखी उशिरा व्हायचा. दारूची रास वरून खाली जळत जाईपर्यंत वेळ जातो, हे डोक्यात येत नव्हतं. शेवटी रेंजवरच्या एका वयस्क गृहस्थांनी माझ्या हातात पोलादाचा वाकवलेला तुकडा आणि एक दगड ठेवला. म्हणाले, आधी हाताने ठिणगी पाडून दाखव. मला अर्धा तास एकही धड ठिणगी पाडता आली नाही. पडली तेव्हा कळलं की ठिणगी दगडातून निघत नाही, पोलादातून निघते. दगडाची धारदार कड पोलादाचा केसाएवढा कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. म्हणून दगडाला धार हवी, पोलादाला कडकपणा हवा आणि घाव पृष्ठभागाला चाटून जायला हवा. दगड बोथट असेल तर तो नुसता आपटतो. पोलाद मऊ असेल तर दगड त्यात रुततो. एवढं हाताला समजलं की घोड्याच्या जबड्यात गारगोटी किती पुढे काढायची, तिचा उतार वर ठेवायचा की खाली, जबड्यात तिच्याभोवती चामड्याचा तुकडा का गुंडाळायचा, हे कुणाला विचारावं लागत नाही.

ठिणगी धरायला कापडाचा कोळसा लागतो. शंभर टक्के सुती जुनं कापड घ्या, पंचा किंवा जीन पँटचा तुकडा चालेल. हातभर डब्यात भरू नका, बूट पॉलिशएवढी पत्र्याची डबी पुरते. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबी अंगणातल्या निखाऱ्यांवर ठेवा. भोकातून धूर येत राहील. तो थांबला की डबी बाजूला काढा, भोक बुजवा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. घाईने उघडली तर हवा लागून सगळं पेटतं. आत काळं, मऊ, अजून वीण दिसणारं कापड मिळालं की जमलं. त्यावर ठिणगी पडली की लाल कड हळूहळू पसरत जाते. ते कापड उकललेल्या सुतळीच्या घरट्यात ठेवायचं आणि लांब, शांत फुंकर घालायची. तुम्ही कुडाळचे, तर नारळाचं सोडण तुम्हाला सांगायला नको. तिथल्या भारतीय दुकानात शेंडीचा नारळ मिळतोच.

आमच्या सातारा भागात मी लहान असताना धनगर म्हाताऱ्यांच्या चंचीत तंबाखूशेजारी चकमक, गारगोटी आणि शेवरीचा कापूस असायचा. चिलीम पेटवायला काडेपेटी कशाला, असं ते म्हणत. दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत अकीक आणि गारगोट्या भरपूर, त्यामुळे दगडाची वाण नव्हती. तुमच्या आत्ताच्या मुलखातही आहे. इंडियानाच्या दक्षिणेला वायनडॉट नावाचा करडा चर्ट, म्हणजे गारगोटीसारखा दगड सापडतो, तिथल्या मूळ लोकांनी हजारो वर्षं त्याची हत्यारं घडवली. बंदुकीसाठी मात्र सुरुवातीला इंग्लंडहून येणारी काळी तयार गारगोटीच विकत घ्या. इंग्लंडमधल्या ब्रँडन गावच्या कारागिरांनी ब्रिटिश फौजांना ती पिढ्यान्‌पिढ्या पुरवली, आणि तिची धूळ छातीत जाऊन त्यांच्यातले कितीतरी जण फुप्फुसाच्या आजाराने गेले. म्हणून कडा झडून धार काढायची वेळ आली की मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावूनच बसा.

हे काम तुमच्या मुलीला तुमच्या शेजारी बसून करता येईल. अकरा वर्षांच्या मुलीने बंदुकीला कधी हात लावायचा, हा निर्णय तुम्हा दोघा आईबापांचा आहे, आणि मी त्याची घाई करणार नाही. पण चकमक, डबी आणि सुतळी यांना वयाची वाट बघावी लागत नाही. पाण्याची बादली जवळ ठेवा, केस बांधा, सैल बाह्या वर करा. माझा अनुभव असा की मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, कारण ती जोर लावत नाहीत.

आता यादीतलं शेवटचं आधी निकालात काढतो. दारू घरी बनवू नका. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ७५, १५, १० हे प्रमाण पुस्तकांत सहज सापडतं, आणि त्यामुळेच ते सोपं वाटतं. कारखान्यातसुद्धा ही दारू कांडताना आणि दाणे पाडताना माणसं मेली आहेत. घरात लेक आहे. तयार डबा आणा, त्याच डब्यात ठेवा, कुलपात ठेवा, आणि बंदुकीपासून वेगळा ठेवा. काळ्या दारूच्या बंदुकीत आधुनिक धूररहित दारू चिमूटभरही घालायची नाही, नळी फुटते. हे तुम्हाला ठाऊक असेल, तरी मी प्रत्येकाला सांगतो.

शिशाच्या गोळ्यांचं मला तितकंच स्पष्ट सांगायचं आहे, पण इथे माझं म्हणणं 'नको' असं नसून 'यंदा नको' असं आहे. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, साचा साधा असतो, आणि पहिली चकचकीत गोळी साच्यातून पडते तेव्हा खरंच आनंद होतो. पण वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला की वाफ होऊन शिसं उसळतं. आणि लहान मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नसतं, हे डॉक्टर स्पष्ट सांगतात. म्हणजे स्वयंपाकघरात हे कधीच नाही. गॅरेजमध्येही नाही, कारण तिथे मुलीची सायकल असते. उघड्यावर, कोरड्या दिवशी, वेगळे कपडे, हातमोजे, पायात जाड बूट, आणि काम झाल्यावर थेट अंघोळ. एवढी व्यवस्था जेव्हा लागेल तेव्हा लावा. तोवर ०.४९० इंचाच्या तयार गोळ्या मिळतात, त्या आणा. रेंजवरून आल्यावरही मुलीला जवळ घेण्याआधी हात साबणाने धुवा.

गोळीपेक्षा चिंधीकडे लक्ष दिलंत तर निशाणा लवकर सुधारेल. तुमच्या गोळीचा व्यास नळीच्या व्यासापेक्षा थोडा कमी असतो. मधली फट भरते ती चिंधी. नळीतल्या पिळाच्या खाचा चिंधीला पकडतात आणि चिंधी गोळीला फिरवते. म्हणून कापडाची जाडी, वीण आणि ओशटपणा यांवर सगळं अवलंबून आहे. कापड शंभर टक्के सुती किंवा लिननचं हवं, कृत्रिम धागा नळीत वितळून चिकटतो. तिकडे जुन्या गाद्या-उशांच्या खोळींचं पट्ट्यापट्ट्यांचं जे घट्ट कापड असतं, ते लोकांना आवडतं. ते धुऊन खळ काढा, व्हर्नियरने जाडी मोजा, ०.०१५ इंचाच्या आसपासपासून सुरुवात करा. आणि बार झाल्यावर, रेंज बंद असल्याचा पुकारा झाला की पुढे जाऊन आपल्या उडालेल्या चिंध्या गोळा करा. मधोमध गोळीचा काळसर ठसा आणि कडा किंचित विस्कटलेल्या, असं असेल तर मेळ बसला. मध्ये जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी आहे. एका बाजूने कापल्यासारखी फाटली असेल तर नळीच्या तोंडाची कड तीक्ष्ण आहे किंवा ठासताना चूक होते आहे. एक वही करा. तारीख, दारूचं माप, कापड, वंगण, आणि त्या पानाला चिंधी टाचून ठेवा. माझ्याकडे अशा चार वह्या आहेत, आणि इतर कोणत्याही सामानापेक्षा मला त्यांनी जास्त शिकवलं.

वंगणासाठी मेण आणि चरबी, किंवा मेण आणि ऑलिव्ह तेल. पेट्रोलियमचं तेल काळ्या दारूच्या राखेशी मिळून नळीत डांबरासारखा थर धरतं, ते नको. मेणाचा विषय निघाला म्हणून सांगतो: सिनसिनाटीच्या उत्तरेला तासाभरावर ऑक्सफर्ड गाव आहे. सुट्या चौकटींच्या मधपेटीचं पेटंट १८५२ साली घेणारे लँगस्ट्रॉथ तिथे बरीच वर्षं राहिले. आज जगभर जी मधपेटी दिसते ती त्यांचीच पद्धत. तिकडच्या मधपाळाकडून थेट मेण घ्या, एकदा पेटी उघडताना मुलीला घेऊन जा. तुमच्या छंदाला जोडून मधमाश्या पाळाव्यात असं मी म्हणणार नाही, तो स्वतंत्र संसार आहे.

तुमच्या पत्नीबद्दल. पत्र वाचताना मला वाटलं की त्यांच्या शिवणकामाचा उल्लेख करताना तुमच्या मनात एखादा शिकारी सदरा शिवून घेण्याचा विचार आला असावा. तसं असेल तर थांबा. ज्या बाईने घरात बंदूक आल्याची नाराजी बोलून दाखवली, तिला आधी त्या बंदुकीबद्दल काय वाटतं ते ऐका. कुलूप कुठलं, किल्ली कुणाकडे, दारू कुठे ठेवली, मुलीच्या मैत्रिणी घरी येतात तेव्हा काय, या प्रश्नांची उत्तरं त्यांच्या समाधानाची व्हायला हवीत. ती झाली की सुई तुम्ही स्वतः हातात घ्या आणि त्यांच्याकडून शिका. अठराव्या शतकातला तो सदरा जवळजवळ सगळा चौकोन आणि आयत जोडून होतो, कापड वाया जात नाही, टाके हातचे. अवघड काहीच नाही, वेळखाऊ मात्र आहे. शिकवायला त्यांना आवडेल की नाही हे त्यांच्यावर सोडा.

एक गोष्ट मात्र त्यांना नुसती सांगून बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओहायोत काळ्या अक्रोडाची हिरवी फळं रस्त्यावर पडून कुजतात. त्या सालीत कापड रंगवलं की गडद तपकिरी रंग चढतो, तुरटीसारखं काही लावायची गरज नसते. लोकरीवर तो सर्वांत छान बसतो, सुतावर जरा फिका. हात उघडे ठेवले तर बोटं दोन-तीन आठवडे काळपट राहतात. ज्यांना कापडाची आवड आहे त्यांना रंगाचं हे वेड लागू शकतं, आणि त्यात बंदुकीचा काही संबंध नाही. संबंध नसला तरी चालेल. ते त्यांचं राहू द्या.

चामड्याची पिशवी हे तुमचं दुसरं काम. गज (ठासायची काठी) सोडून बाकी सगळं तिच्यात राहतं: गोळ्या, चिंध्या, माप, जादा गारगोट्या, कान साफ करायची तार. वनस्पतींच्या सालीने कमावलेलं चामडं घ्या. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावतात, तीच जातकुळी. तिकडे ओकची साल असते. दोन सुया एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना, आरीने पाडलेल्या भोकातून समोरासमोर ओवायच्या, दोरा लिननचा आणि मेण लावलेला. हा टाका एका जागी तुटला तरी उसवत जात नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तिथल्या एखाद्या चर्मकाराजवळ तासभर बसा आणि रापी कशी धरतात ते बघा. चामडं पातळ करताना त्या हाताची जी सफाई असते, ती मी अमेरिकेतल्या कुठल्याच कार्यशाळेत पाहिली नाही. पिशवी छोटी करा. पहिली पिशवी प्रत्येक जण मोठी करतो, मग तिच्यात हात घालून शोधत बसतो.

आणि मग शिंग. हे माझं सर्वांत आवडतं काम, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

गुराचं शिंग टोकाकडे भरीव आणि बुडाकडे पोकळ असतं. आधी उजेडासमोर धरून आत एक सरळ तार घाला आणि पोकळी कुठे संपते ते बाहेरून खुणा करून घ्या. टोकाकडून पाडायचं भोक त्या पोकळीला जाऊन मिळायला हवं, आणि शिंगाला बाक असल्यामुळे कोन चुकतो. माझ्या पहिल्या शिंगाचं भोक बाजूने बाहेर आलं. महिन्याची मेहनत गेली, आणि दोष माझ्या घाईचा होता. मोजायला दहा मिनिटं लागतात, ती द्या. बूड उकळत्या पाण्यात धरलं की शिंग मऊ होतं, मग त्यात निमुळता लाकडी गोल ठोकळा घालून गोल आकार देता येतो. गार झालं की ते तसंच राहतं. मग लाकडाचं बूच पक्कं बसवायचं, बारीक लाकडी खुंट्या मारायच्या, सांध्यात मेण भरायचं. बाहेरचा भाग काचेच्या कडेने किंवा सुरीच्या पाठीने साळत जायचं. शिंग म्हणजे नखाचाच पदार्थ, त्याची धूळ आणि वास दोन्ही वाईट. अंगणात, मास्क लावून.

आमच्याकडे बेंदराच्या आधी बैलांची शिंगं साळत. माझे चुलते एक पाय बैलाच्या बाजूला टेकवून, त्याच्याशी बोलत बोलत ते करायचे, आणि मग हिंगूळ लावायचे. मी पहिल्यांदा अमेरिकेत शिंग साळायला बसलो आणि तो पातळ, अर्धपारदर्शक कीस मांडीवर पडला, तेव्हा मला ते अंगण आठवलं. शिंग इतकं पातळ करता येतं की आत दारू किती उरली ते उजेडात दिसतं.

१७५४ ते १७६३ या अमेरिकेतल्या फ्रेंच-इंग्रज युद्धाच्या काळातल्या सैनिकांनी आपल्या शिंगांवर नकाशे कोरले. हडसन नदी, मोहॉक नदी, शॅम्प्लेन सरोवर, वाटेतले किल्ले, आणि मालकाचं नाव. त्यातली काही आज संग्रहालयांत आहेत. कोरणं म्हणजे सुईने ओरखडा काढणं आणि त्यात काजळी भरून वरून पुसून घेणं. आपलं काजळ म्हणजे तीच दिव्याची काजळी. तुम्ही मात्र त्या शिंगांची नक्कल कोरू नका. तुमच्या पायाखालची ओहायो नदी कोरा, किंवा तुमच्या वाडीतून कर्ली नदीकडे जाणारी वाट कोरा. दोन्ही एकाच शिंगावर मावतील.

शिंगातून थेट नळीत दारू कधीही ओतायची नाही. आधीच्या बारातली एखादी ठिणगी आत उरली असेल तर हातात धरलेलं अख्खं शिंग पेटेल. आधी मापात, मग मापातून नळीत. मापही स्वतः करा, हाडाचं किंवा शिंगाच्याच उरलेल्या टोकाचं.

लोहारकाम चांगलं, पण भाता, ऐरण आणि जागा यांचा विचार करता ते दुसऱ्याच्या शाळेत शिकण्याचं काम आहे. तिकडच्या लोहारांच्या मंडळांत नवशिक्यांसाठी शनिवारचे वर्ग असतात. जुन्या कानशीपासून चकमकीचं पोलाद घडवणं हा तिथला नेहमीचा पहिला धडा, आणि तो तुमच्या चकमकीला थेट जोडलेला आहे. कुऱ्हाडफेक करमणूक म्हणून ठीक. अंतर बदललं की गिरकी बदलते, एवढंच त्यातलं शिकणं, आणि ते दोन दुपारांत होतं.

हरणाचं कातडं मेंदूने कमावण्याची जुनी पद्धत तुम्ही वाचली असेल. आता एक धोका आहे: अमेरिकेतल्या हरणांमध्ये मेंदू आणि मज्जारज्जू पोखरणारा एक आजार पसरतो आहे, त्यामुळे रानातल्या हरणाच्या मेंदूला हात न लावणं बरं. अंड्याचा पिवळा बलक किंवा साबण-तेल यांनी तेच काम होतं. खरवडणं, भिजवणं, ओढून ओढून सुकवणं आणि शेवटी धूर देणं याला दोन पूर्ण दिवस आणि धडधाकट खांदे लागतात. तिसऱ्या वर्षी बघा.

माणसांकडे जा, हे मी सगळ्यांना सांगतो, आणि तुम्ही तर नेमक्या जागी राहता. तुमच्या घरापासून तासाभरावर इंडियानातलं फ्रेंडशिप नावाचं खेडं आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय ठासणी बंदूक संघटनेचं ते मुख्य ठिकाण. तिथे जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये मोठ्या नेमबाजी स्पर्धा भरतात. शिंगवाले, चाप दुरुस्त करणारे, चामडंवाले, जुन्या लाकडाचे तुकडे विकणारे, सगळे भेटतात. पहिल्या वेळी बंदूक नेऊ नका, पैसेही फार नेऊ नका. दुकानं मांडून बसलेल्या कारागिरांना हातातलं काम चालू असताना बघा आणि प्रश्न विचारा. माझा रंग, माझं नाव, माझे उच्चार यांमुळे पहिल्या वर्षी मी बिचकत होतो. काम दाखवा म्हटल्यावर बहुतेकांनी स्टूल पुढे सरकवलं.

कुटुंबासाठी वेस्ट लाफायेटजवळचा 'फीस्ट ऑफ द हंटर्स मून' जास्त बरा. १९६८पासून शरद ऋतूत भरतो, पर्ड्यू विद्यापीठामुळे तिथे मराठी मुलंही भेटतील. वियातेनॉन नावाच्या जुन्या फ्रेंच ठाण्यावर मूळ लोक आणि व्यापारी जमत, त्याची आठवण म्हणून तो मेळा. लोखंडी कढयांत उघड्या चुलीवर स्वयंपाक चालतो. जिला चुलीवरची भाकरी ठाऊक आहे तिला तिथे परकं वाटत नाही, हे माझ्या बायकोचं मत.

एका गोष्टीकडे पाठ फिरवू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या हातातली लांब रायफल पेनसिल्वेनियातल्या जर्मन कारागिरांनी घडवत आणली, आणि ओहायोच्या खोऱ्यात ती शॉनी आणि मायामी लोकांच्या जमिनीवर वसाहती करणाऱ्यांच्या खांद्यावर आली. त्या लोकांना तिथून हुसकावलं गेलं. ऑक्सफर्डच्या मायामी विद्यापीठात आज मायामी जमातीबरोबर चालणारं मायामिया केंद्र आहे, तिथे त्यांची भाषा पुन्हा उभी राहते आहे. मेण आणायला जाल तेव्हा त्यांच्याबद्दलही वाचून जा. मेळ्यांत काही जण मूळ लोकांची पिसं आणि रंग लावून मिरवतात, ते करू नका. आपला साधा सदरा पुरे.

भारतात यातलं काही आणायचा विचार करू नका. ठासणीच्या बंदुकीलाही आपल्याकडे परवाना लागतो, आणि काळी दारू विमानात कुठल्याच सामानात चालत नाही. बंदुकीच्या दारूचे हात लागलेली पिशवी विमानतळावर न्यायची नाही, नवीन पिशवी वापरा. तिकडेही राज्य बदललं की नियम बदलतात, आणि व्हिसावर असणाऱ्यांनी बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाला विचारावं.

आणि आजोबांची बंदूक. तुम्ही तिच्यावर दोनच वाक्यं लिहिलीत, पण पत्राची सुरुवात तिच्यापासून केलीत. तुमचे वडील हयात असतील तर या रविवारी त्यांना फोन करा. ती बंदूक चकमकीची होती की केपाची, म्हणजे घोडा आपटून फुटणाऱ्या टोपीची? कोकणात बहुतेक केपाचीच असत. दारू कशात ठेवत, गोळी घालत की छर्रे, चिंधी कसली, नारळाचा काथ्या ठासत का? गज कुठल्या लाकडाचा? निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला कोण जायचं, पायी की एसटीने? आजोबांनंतर परवान्याचं काय झालं? वडील जे शब्द वापरतील तेच जसेच्या तसे त्या चिंध्यांच्या वहीत पहिल्या पानावर लिहा, मालवणीत असतील तर मालवणीत. फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे मुलीलाही ऐकू येईल. तिच्याकडे विचारायला तिचे स्वतःचे प्रश्न असतील.